डावी सीट

चिकलठाण्याच्या विमानतळावर एका छोट्या फ्लाइंग स्कूलमध्ये मी शिकवते. आमची विमानं चार सीटची, एका इंजिनाची. मार्चमधल्या एका सकाळी चारुता नावाच्या विद्यार्थिनीला घेऊन मी धावपट्टीवर होते. ती डाव्या सीटवर, मी उजव्या. तिची चण लहान, म्हणून ती पाठीशी उशी घेते आणि सीट अगदी पुढं ओढून बसते.

चाकं जमिनीवरून सुटली आणि चारुताची सीट रुळावरून सर्रकन मागे गेली. अशा वेळी माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. तिच्या हातात कंट्रोल होतं. ती मागे गेली तसं तेही ओढलं गेलं आणि विमानाचं नाक वर चढू लागलं. तसंच चढत राहिलं असतं तर वेग मरून आम्ही तिथंच कोसळलो असतो.

"चारुता, हात सोड," मी म्हणाले.

तिनं सोडले. मी नाक खाली दाबलं, वेग परत मिळवला आणि एक फेरी मारून विमान उतरवलं. घाबरलेल्या माणसाला हात सोड म्हणणं सोपं असतं. तिनं पहिल्या सांगण्यात ते सोडले, म्हणून आज आम्ही दोघी आहोत.

पण मला सांगायचंय ते कहकशाबद्दल.

कहकशा आमची मेंटेनन्स इंजिनिअर, मूळची सिल्लोडची. विमान ठरावीक तास उडलं की त्याच्या सीटची तपासणी करावीच लागते. सीटचा रूळ, रुळातली भोकं, आणि भोकात उतरून सीट जागेवर धरणारी पिन, सगळं बघावं लागतं. या सीटची तपासणी मागच्याच महिन्यात कहकशानं करून सही केली होती.

दुपारी स्कूलचे प्रमुख केशव सरांनी आम्हाला बोलावलं. घटना वर कळवायची होती. सीट अडकवायचं विद्यार्थिनीच्या हातून राहिलं असणार, असं त्यांचं मत पडलं. सर वाईट नाहीत. असं होताना त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. चारुताही मान खाली घालून म्हणाली की राहिलं असेल कदाचित. तिला सीट हलवून बघताना मी पाहिलं होतं. तसं मी सांगितलं, पण तेही जरा चाचरतच.

कहकशा गप्प बसली असती तर तिच्यावर काहीच आलं नसतं.

"सर, मला आजचा दिवस द्या," ती म्हणाली. "हिनं सीट बरोबर लावली होती असं धरून बघते. हिची चूक धरून बघायला लागले तर मला दुसरं काय दिसणारच नाय."

हँगरमध्ये तिनं रूळ पुसून मोजला, भोकं मोजली. सगळं नियमात होतं. ती स्वतः सीटवर बसून पुन्हा पुन्हा सीट पुढं ओढत राहिली, आणि दर वेळी पिन खट्कन बसली. मला वाटलं, झालं, आता सरांचंच खरं ठरणार. मग तिनं चारुताला हाक मारली.

"तू बस. उशी घे. रोज बसतीस तशीच बस."

चारुता बसली आणि सीट पुन्हा पुन्हा पुढं ओढून लावू लागली. कहकशा टॉर्च घेऊन खाली आडवी झाली. कितीतरी वेळ काहीच वेगळं घडलं नाही. मग ती एकदम म्हणाली, "आता हलू नको." तिनं आधी सरांना बोलावून दाखवलं, मग मला. पिन भोकाच्या काठावर टेकली होती, आत उतरलीच नव्हती. चारुतानं सीट हलवली तर हलली नाही. कहकशानं पाठीला धरून जोरात ओढली तशी सीट मागे गेली. पिन खाली दाबणारी स्प्रिंग थकली होती. जड माणूस बसला की त्याच्या वजनानं पिन उतरायची. चारुताच्या वजनानं दर वेळी उतरत नव्हती.

कहकशानं टॉर्च विझवला. मग चारुताकडं बघून म्हणाली, "तुझं काय राहिलं नव्हतं. मी तपासलं ते माझ्या वजनानं. सर, असंच लिहा."

चारुता तेव्हा कुठं रडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाकीची विमानंही थांबवली. आणखी एकात तशीच स्प्रिंग निघाली. सगळ्यांच्या बदलल्या. कहकशाला वरून प्रश्न आले, तिनं जे होतं ते सांगितलं. त्यावर तिला कुणी बोल लावला नाही. तेव्हापासून ती प्रत्येक सीटवर स्कूलमधल्या सगळ्यात हलक्या विद्यार्थ्याला बसवून बघते.

चारुता मात्र यायची बंद झाली. कहकशा छावणी भागातल्या तिच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी दोघी बरोबरच आल्या आणि कहकशा म्हणाली, "मीनाक्षी मॅम, आज मी मागं बसते."

विमान लागतं म्हणून कहकशा शक्यतो वर यायचं टाळते, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

चारुतानं सीट लावली, हलवली, पुन्हा हलवली. विमान सुंदर उचललं तिनं. आम्ही दौलताबादपर्यंत जाऊन आलो. उन्हानं तापलेल्या हवेचे झटके विमानाला बसत होते आणि मागे कहकशा डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसली होती.

खाली उतरल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पंखाला धरून ती जरा उभी राहिली.

"सीट कशी वाटली?" तिनं विचारलं.

"नाही हलली," चारुता म्हणाली.

"बरं," म्हणून कहकशा तोंड धुवायला गेली. मे महिन्यात चारुतानं तेच विमान एकटीनं उडवलं.