वरचा आकडा

दंडावरचा पट्टा आवळत गेला तशी गोपीनाथने दातांवर दात दाबून धरले. पडद्यावरचे आकडे चढले, थांबले आणि हळूहळू उतरले. डॉक्टर फिझांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"एक सौ अट्ठावन. नीचे छियानवे. गोपीनाथजी, ये तीसरी बार है."

"मॅडम, एक बार और बघा ना. पार्किंग नहीं मिला, भागते हुए आया मैं."

"पिछली बार भी आप भागते हुए ही आए थे." त्यांचा आवाज शांत होता. "इस प्रेशर पे मैं आपकी किडनी नहीं लेने दूंगी."

त्याचा रक्तगट बायकोशी, नीलिमाशी जुळला होता. बाकीच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या. नीलिमाची मूत्रपिंडं निकामी होऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि देऊ शकेल असा घरात हा एकटाच होता. डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत दिली. मीठ कमी, रोज चालणं, आणि मग चोवीस तास दंडाला यंत्र बांधून शेवटची तपासणी.

बावीस वर्षं गोपीनाथ अबुधाबीत ऑफिसांच्या आतली कामं घेत होता. फॉल्स सीलिंग, पार्टिशन, फ्लोअरिंग. हाताखाली चाळीस माणसं. अडचण आली की तो आवाज चढवायचा आणि ती बहुतेक वेळा सुटायची. आता त्याचं स्वतःचंच रक्त त्याचं ऐकत नव्हतं.

त्याने खलिफा सिटीतल्या घरी बीपीचं मशीन आणलं. सकाळी उठल्यावर, चहाआधी, चहानंतर, चालून आल्यावर, दिवसातून दहा-दहा वेळा तो पट्टा बांधायचा. आकडा वर दिसला की चिडायचा, आणि चिडला की पुढचा आकडा आणखी वर.

"बाबा, यू आर फायटिंग विथ अ मशीन," सतरा वर्षांची आभा एकदा टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली.

 नीलिमा उठून दुसऱ्या खोलीत जायची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी तिचं डायलिसिस असे. चार तास. गोपीनाथ एकदाही चुकला नव्हता. पलंगाशेजारच्या खुर्चीत दोन फोन घेऊन बसायचा आणि तिथूनच साइट चालवायचा. एका बुधवारी त्याने कोणाला तरी फोनवर झापून फोन मांडीवर आपटला, तेव्हा नर्स सुमैय्या सलाइन बदलत होती. केरळची, चाळिशीची, कमी बोलणारी बाई.

"सर, एक बात पूछूं? ये मशीन का आवाज कैसा है?"

"कौन सा मशीन?"

तिने नीलिमाच्या उशाशी फिरणाऱ्या पंपाकडे बोट केलं. गोपीनाथ त्याकडे बघत राहिला. सव्वा वर्ष, आठवड्याला बारा तास तो त्या यंत्रापासून हातभर अंतरावर बसत होता. आवाज कसा आहे हे त्याला सांगता येईना.

"दस मिनट सिर्फ ये सुनिए," सुमैय्या म्हणाली. "और कुछ नहीं."

"उससे प्रेशर कम होगा?"

"मालूम नहीं. प्रेशर के लिए मत करो. मन भागेगा. डांटना नहीं, वापस लाना, बस." मग जाता जाता थांबून तिने सांगितलं, "कोविड के बाद मेरी नींद चली गई थी. तब स्टाफ को ये सिखाया था."

त्याने फोन उलटे ठेवले. पंप फिरत होता, मध्येच किंचित अडखळत होता. चौथ्या फेऱ्याला गोपीनाथचं मन मुसफ्फाच्या साइटवर पोचलं, तिथून जिप्सम बोर्डवर, तिथून बँकेत. त्याने ते परत आणलं. पुन्हा पळालं, पुन्हा आणलं. दहा मिनिटांत तो घामेजला. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्याचा जबडा घट्ट आवळलेला होता, आणि खांदे कानांपर्यंत चढलेले. कधीपासून, देव जाणे. त्याने ते खाली सोडले. मानेतून काहीतरी सैल होत पाठीपर्यंत उतरलं.

मग तो रोज बसू लागला. पहाटे गॅलरीत वीस मिनिटं, नुसता श्वास येतो-जातो ते बघत. कित्येक दिवस काहीच घडलं नाही. उलट, डोक्यात केवढा कालवा चालतो ते कळून तो घाबरलाच. तिसऱ्या आठवड्यात त्याला सलग सहा तास झोप लागली. डोक्याच्या मागे ठणकणारी जागा गप्प झाली. बीपीचं मशीन त्याने कपाटात ठेवून दिलं.

साइटवर एकदा हमदुल्लाने, त्याच्या जुन्या फोरमनने, अख्खं पार्टिशन वीतभर बाजूला उभं केलं. गोपीनाथला कानाच्या पाळ्या तापलेल्या कळल्या, छातीत धग कळली. त्याने तळपाय जमिनीवर टेकलेले जाणवू दिले. एक श्वास, मग दुसरा.

"यल्ला, चलो, टेप लाओ. फिर से नापते हैं."

हमदुल्ला जागचा हलला नाही. "सेठ, तबियत तो ठीक है?"

आणि घरी, एका जेवणाच्या वेळी, गोपीनाथ ग्लासभर पाणी घटाघटा प्यायला आणि प्रथमच त्याने पाहिलं की नीलिमाने तेवढ्यापुरती मान वळवली आहे. तिला दिवसभरात मोजून लिटरभर पाणी चालत असे. तिच्या वाटीतला घोट ती किती वेळ तोंडात धरून ठेवते, हेही त्याला त्या दिवशी दिसलं. तेव्हापासून तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊ लागला. 

मुदत संपली. चोवीस तास यंत्र दंडाला बांधून तो कामावर गेला, जेवला, झोपला. दर अर्ध्या तासाने पट्टा आवळायचा. तो हातातलं काम थांबवायचा, ते आवळणं आणि सुटणं नीट जाणून घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फिझांनी पडदा त्याच्याकडे फिरवला.

"दिन का एवरेज एक सौ बाईस, सतहत्तर. रात का उससे भी कम." त्या पहिल्यांदाच हसल्या. "आप डोनर हैं, गोपीनाथजी. सालाना चेकअप उम्रभर. और जो कर रहे हैं वो छोड़िए मत."

बाहेर आल्यावर त्याला पळावंसं वाटलं. पण तो जिन्याने सावकाश उतरला, आणि प्रत्येक पायरीवर आनंद छातीत भरत गेला. खालच्या कॉरिडॉरमध्ये एकटाच मोठ्याने हसला. फरशी पुसणाऱ्या माणसाने वर पाहिलं, तर गोपीनाथ त्याला दोन्ही हातांनी सलाम ठोकून पुढे गेला.

डायलिसिसच्या खोलीत नीलिमा जागी होती. यंत्राला जोडलेला डावा हात चादरीवर स्थिर ठेवून ती त्याच्याकडे बघत होती.

"पास झालो," तो म्हणाला.

तिने उजवा हात डोळ्यांवर घेतला.  गोपीनाथ शेजारच्या खुर्चीत बसला.

"अहो, एक सांगू?" ती हाताआडून म्हणाली. "तुम्ही तपासायला गेलात की मी दर वेळी देवाजवळ मागायची. आकडा उतरू देऊ नकोस म्हणून."

त्याला आधी नीट ऐकू आलं असं वाटेना. "काय म्हणालीस? का?"

"दोन किडन्या असताना तुम्ही तसे जगत होता. रोज जिवाच्या आकांताने. एकीवर कसं निभावलं असतं? मी तर अशी. आभाला दोघांतलं एक तरी धड राहायला हवं होतं ना."

 गोपीनाथने एक श्वास येऊ दिला, जाऊ दिला.

"आणि आज काय मागितलंस?"

"आज काही मागितलं नाही. गेला महिनाभर बघतेय मी तुम्हाला." तिने हात डोळ्यांवरून काढला. डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा होता. "आता द्या. मी नीट सांभाळीन."