आठ आवर्तनं

शनिवारी सकाळी दहा वाजता राधिकाचा फोन आला. आमची लेक एका इव्हेंट कंपनीत स्टेज मॅनेजर आहे, आणि शोच्या दिवशी ती आईबापांना सहसा फोन करत नाही.

"बाबा, कोंगा. आज संध्याकाळी. कॅन ऑर कॅनॉट?" जमेल की नाही, हे तिने इथल्या मुलांच्या इंग्रजीत विचारलं.

"कुणाबरोबर?"

"मर्करी लेन. त्यांच्या कोंगावाल्याला डेंगी झालाय, ॲडमिट केलंय. एक वाजता रिहर्सल, आंग मो किओला. शो साडेसातला. तुला त्यांची सगळी गाणी येतात लाह, लहानपणी गाडीत दुसरं काही ऐकलेलंच नाही मी."

मी खुर्चीवर बसलो. मर्करी लेन म्हणजे लंडनच्या एका तळघरातल्या क्लबमध्ये १९८८ साली सात जणांनी उभा केलेला बँड. वर जॅझचे ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणि खाली पाय थांबू देणार नाही असा फंकचा ठेका. लोक त्याला ॲसिड जॅझ म्हणायचे. त्र्याण्णवला त्यांचं एक गाणं जगभर वाजलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलवर माझ्या पार्टनरकडे त्याची कॅसेट होती, ती आम्ही टेप झिजेपर्यंत ऐकली. पुढे त्यांची रेकॉर्ड कंपनी बुडाली, माणसं गळत गेली, मधली दहा वर्षं तर त्यांना फक्त जपाननेच जगवलं. आता आमच्या वयाचे, केस पिकलेले लोक तिकिटं काढतात म्हणून ते पुन्हा आशियाभर फिरतायत. मूळच्या सातांतले दोनच उरलेत, गायक डेन्झिल आणि बास गिटारवाला कॉलिन.

मी तसा तबल्याचा माणूस. महिन्यातून एकदा क्वीन्सटाउनच्या हॉलमध्ये अरुणाताईंचं कीर्तन असतं, त्याला साथ करतो. कोंगा, म्हणजे ते उभे, हातांनी वाजवायचे ढोल, हा ऑफिसच्या बँडमधला सात वर्षांचा नाद. पीआर, म्हणजे या देशाचा कायमचा रहिवासी, असल्यामुळे कामाच्या पासचीही अडचण नव्हती. तरी मी फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं.

सविता कणीक मळता मळता म्हणाली, "जा की, निशिकांत. अरुणाताईंना करतोस तशीच साथ करायची. टोपी तेवढी घालू नकोस."

रिहर्सलचा स्टुडिओ एका फॅक्टरीच्या इमारतीत सातव्या मजल्यावर होता. एसीचा गारठा असा की बोटं वळेनात. डेन्झिल कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, उंच, डोक्यावर तपकिरी हॅट. त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि नाव विचारलं. "निशी म्हणू का? बरं." पाच मिनिटांनी ते पुन्हा उठले, पुन्हा हात हातात घेतला आणि नाव विचारलं.

कॉलिनने ते जगभर वाजलेलं गाणं मला कागदावर काढून दाखवलं. मध्यावर सगळी वाद्यं थांबतात. फक्त माझे कोंगा आणि डेन्झिलचा आवाज, चार मात्रांची आठ आवर्तनं. आठवं संपताना मी एक ठरावीक ठोका द्यायचा, आपल्या तबल्यातल्या तिहाईसारखा. तो ऐकला की तिन्ही ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले, एकदम गाण्यात आत येतात.

"तुझ्या ठोक्याशिवाय कुणी हलणार नाही," तो म्हणाला. "समजलं?"

समजलं होतं. तरी पहिल्याच वेळी मी दहाव्या आवर्तनापर्यंत गेलो. कॉलिनने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"किती झाली?"

"दहा."

"मग?"

"ते अजून गात होते."

ड्रमवाली मुलगी खुदकन हसली. कॉलिन नाही हसला. "त्याच्याकडे बघू नकोस. मोज."

आता माझंही ऐका. माझ्या गुरुजींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, साथीदाराचा डोळा बुवांवर. बुवा रंगले आणि गजर लांबला, तर आपणही लांबायचं. बुवांनी कथेत भलतंच वळण घेतलं, तर मागोमाग जायचं. बुवा चुकले तर त्यांच्याबरोबर चुकायचं, म्हणजे ती चूक राहत नाही. तीस वर्षं हाताला हेच वळण. कुणी गात असताना त्याच्याकडे न बघता वाजवायचं म्हणजे मला देवाकडे पाठ करून बसल्यासारखं वाटतं.

कॉलिन मला बाहेर, सामानाच्या लिफ्टपाशी घेऊन गेला.

"तुला सांगायलाच हवं," तो म्हणाला. "डेन्झिल विसरतो. वर्षभर झालं. मागच्या आठवड्यात मनिलाला त्याने तिसरं गाणं म्हणून पहिलंच पुन्हा सुरू केलं. लोक हसले."

मी वळून स्टुडिओचं दार ओढून घेतलं.

"मी त्याला सांगून टाकलंय. आज एकदा जरी वाट चुकला, तरी पुढच्या शोला, ओसाकाला, तो स्टेजवर नाही. लंडनमध्ये एक गायक तयार ठेवलाय. सदतीस वर्षं मी याच्या शेजारी उभा आहे. लोक त्याला हसताना मला बघवत नाही. कळतंय ना? म्हणून मोज."

शो सुरू झाला तेव्हा हॉल भरलेला होता. मी सगळ्यांत मागे, उंचावर. राधिका विंगेत कानाला हेडसेट लावून उभी. पहिलं गाणं नीट गेलं. दुसरं, तिसरं. डेन्झिल गायला लागले की त्यांचं वय दिसेनासं व्हायचं. प्रत्येक गाणं संपलं की कॉलिनचे खांदे थोडे खाली यायचे, पुढचं सुरू झालं की पुन्हा कानांपर्यंत चढायचे. माझेही तसेच होत असणार. माझ्या तोंडात नाम चालू होतं. कुणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती.

मग ते गाणं आलं. पहिल्या सुरालाच लोक उभे राहिले. मध्य आला. वाद्यं थांबली, आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी आणि डेन्झिल दोघेच उरलो. एक. दोन. तीन. आवाज मऊ, जिथल्या तिथे. सहा. सात.

आठव्याला त्यांनी थांबायचं होतं. ते थांबले नाहीत. त्यांनी गाण्याचं पहिलं कडवं, अगदी पहिल्या शब्दापासून, पुन्हा सुरू केलं.

तिन्ही ब्रासवाल्यांची वाद्यं ओठांना लागलेली. कॉलिनने बासची मान उचलली. हाच त्याचा इशारा. मी ठोका दिला असता तर ते तिघे म्हाताऱ्याच्या चालत्या वाक्यावर कोसळले असते, आणि सगळ्या हॉलला कळलं असतं. माझा उजवा हात वर गेला, आणि साध्या ठेक्यावर खाली आला.

नऊ. दहा. कॉलिनने वळून माझ्याकडे बघितलं. ओठांनी म्हणाला, "आता." मी मान हलवली नाही. बारा. ट्रम्पेटवाल्याने वाद्य खाली घेतलं, पुन्हा वर घेतलं. विंगेत राधिका एक पाऊल पुढे आलेली दिसली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. कॉलिनला एकट्याने आत येता आलं असतं. त्याचा हात तारांवरच होता. तो हात हलला नाही.

विसाव्या आवर्तनात डेन्झिलचा शब्द अडला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बुवांपुढे डोलवावी तशी मी मान डोलावली, चालू द्या. त्यांनी डोळे मिटले, ओळ पुरी केली. चोवीस. ठोका दिला, आणि ब्रासवाले आले. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. त्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे.

विंगेत आलो तेव्हा अजून एक गाणं बाकी होतं, लोक टाळ्या थांबवत नव्हते. कॉलिन बासच्या तारा पुसत माझ्याजवळ आला.

"बरं वाटलं ते," तो डेन्झिलना ऐकू जाईल असं म्हणाला. "असंच ठेवू या. ओसाकालाही."

मला मनातून इतकं बरं वाटलं की मी पाण्याची बाटली उघडायची विसरून नुसतीच तोंडाला लावली.

डेन्झिल राधिकाजवळ सामानाच्या पेटीवर बसले होते. हॅट मांडीवर. "निशी," ते म्हणाले. "किती झाली?"

नाव त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मी कॉलिनकडे बघितलं, कॉलिनने जमिनीकडे. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या माणसाने विचारलं होतं ते सरळ विचारलं होतं.

"चोवीस."

डेन्झिलनी मान हलवली. "लीड्सला मी गाता गाता स्टेजवरून खाली पडलो होतो. पाय मोडला. हा कॉलिन तेव्हाही आठव्यालाच आत आला."

"साडेआठ," कॉलिन म्हणाला.

"आज चोवीस थांबलास."

"याने ठोका दिला नाही."

"ठोक्याची तुला कधी गरज लागली? मी कुठे होतो, ते मला समजत नव्हतं, कॉलिन. तुम्ही सगळे श्वास धरून थांबलायत हे मात्र समजलं. त्यावरून कळलं."

मी पुढे झालो. "चूक माझी आहे. आमच्याकडे गाणाऱ्याच्या मागे जायची रीत आहे. मला वाटलं, झाकलं जाईल."

"चूक कसली," ते म्हणाले. "इतक्या प्रेमाने माझ्याबरोबर कुणीच चुकलं नव्हतं. हा तर नाहीच नाही."

कॉलिन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दुपारी लिफ्टपाशी बोललेला तो हाच माणूस का, असं वाटावं इतका आवाज बारीक. "दोनच शो आहेत ओसाकाला. मी शेजारी उभा राहीन. सांभाळून घेऊ."

"ज्या बँडला गायकाला सांभाळावं लागतं, त्यात मला गायचं नाही. त्या लंडनवाल्याला फोन कर. आत्ता, या मुलीसमोर कर. म्हणजे उद्या मी विसरून हट्ट धरला, तर ती साक्षीला असेल."

राधिकाने माझ्याकडे पाहिलं. मग हेडसेटमध्ये हळू आवाजात म्हणाली, "टू मोर मिनिट्स, प्लीज." कॉलिनने फोन केला. चार वाक्यं बोलला. पहिलं वाक्य त्याला दोनदा बोलावं लागलं.

डेन्झिलनी हॅट डोक्यावर ठेवली आणि मला उठताना हात मागितला. "शेवटच्या गाण्यातही तू आणि मी एकटे आहोत, बरोबर?"

"हो. आठ आवर्तनं."

"आठव्याला दे. मी पोचलेलो असेन, नसेन. दयामाया नको. माझं हे शेवटचं आहे, ते खरं असू दे."

आम्ही पुन्हा स्टेजवर गेलो. त्या गाण्याचा मध्य आला, वाद्यं थांबली. मी आयुष्यात पहिल्यांदा गाणाऱ्यावरून डोळे काढले आणि कोंगाच्या कातड्यावर ठेवले. एक. दोन. मागे जाण्यासाठी हात ओढ घेत होते, त्यांना धरून ठेवत गेलो. पाच. सहाव्याला आवाज अडखळल्यासारखा ऐकू आला, आणि मान वर उचलायची नाही म्हणून मी दात आवळले. सात. ते गात होते, कुठली ओळ ते मला कळेना. आठ.

मी ठोका दिला.