प्रयागबाईंचा तोंडाचा फोटो

देवरावांच्या घरात कॅमेरे सहा होते आणि भिंतीवर देवरावांनी काढलेला फोटो एकही नव्हता.

नागपुरात हुडकेश्वरच्या त्या घरात हॉलच्या भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते आणि त्यांच्यापासून आदरानं हातभर खाली देवरावांचे वडील होते. वडिलांना सदर भागातल्या एका स्टुडिओनं पन्नास वर्षांपूर्वी टिपलं होतं. त्यांच्या शेजारी एक खिळा होता, रिकामा. तो देवरावांच्या आईनं, प्रयागबाईंनी, स्वतः उभं राहून ठोकून घेतला होता. दिवाळीनंतर आठ दिवस दवाखान्यात काढून घरी आल्यावर त्यांनी केलेलं हे पहिलं काम.

"मी गेल्यावर तुमी आधार कार्डाचाच फोटो मोठा करून लावान," त्या म्हणाल्या. "मले माहीत नाही का तुमाले? थ्या फोटोत मी चोर दिसतो."

प्रयागबाई ब्याऐंशी वर्षांच्या. छप्पन साली भिवापूरहून बापाचं बोट धरून दीक्षेला आल्या तेव्हा चौदाच्या होत्या. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पेपरात त्या गर्दीचा जुना फोटो छापून येतो. प्रयागबाई चष्मा लावतात आणि हजारो पांढऱ्या ठिपक्यांपैकी एकावर बोट ठेवून सांगतात, "हे मी." दरवर्षी ठिपका वेगळा असतो. घरात आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

"पाठीचा फोटो आहे माहा," त्या म्हणायच्या. "आता तोंडाचा पाहिजे."

देवराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं फोटो काढत होते. गोरेवाड्याच्या तळ्यावर एका खंड्या पक्ष्यासाठी ते तीन हिवाळे बसले होते. आईचा फोटो काय, केव्हाही काढता येतो, अशा भरवशावर ती चाळीस वर्षं गेली. आता जाता-येता तो खिळा त्यांच्याकडे बघायचा, आणि खिळ्याची नजर फार वाईट असते. दुसऱ्या कुणी काढलेला फोटो त्यावर लागला तर आपण आजवर केलं काय, असा प्रश्न त्यांना आंघोळ करताना पडू लागला होता.

दुसऱ्या कुणी म्हणजे कृष्णकांतनं.

कृष्णकांत बँकेतून निवृत्त. देवरावांचा तीस वर्षांचा मित्र आणि एके काळचा चेला. फोटोचा पहिला धडा त्याला देवरावांनीच दिला होता, जो ते प्रत्येकाला देत: "रोल भरला का दांडी ओढाची आन डावीकडची चकती पाहाची. चकती फिरली म्हंजे रोल पकडला. नाही फिरली तं बस काढत छत्तीस फोटो हवेचे." हा धडा घेतलेला माणूस गेल्या वर्षी मिररलेस नावाचा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आला. देवरावांना घरातलं कुणी धर्म सोडून गेल्यासारखं वाटलं. मग आपल्याच घराण्यानं एकदा तो मोठ्या अभिमानानं सोडला होता हे आठवून त्यांनी दुसरी उपमा शोधायला घेतली. ती अजून सापडायची होती.

दर रविवारी सकाळी सदरमधल्या एका टपरीवर चार-पाच हौशी मंडळी तर्री पोह्यांभोवती जमत. मंडळाचा नियम एकच. फोटो कागदावर आणायचा. मोबाइलवर दाखवलेला फोटो धरला जाणार नाही. बाकी मग वादाला मोकळं रान.

"मावशीचा फोटो मी काढतो. सेकंदाले वीस फोटो," कृष्णकांत म्हणाला.

"माय ब्याऐंशी वर्षांची आहे गा. चित्ता नाही थे."

"अरे, डोळा पकडते हा. फ्रेममंधी डोळा दिसला का थेच फोकस. आपल्याले काहीच कराचं नाही."

"मंग तू कायले येऊन राहिला? कॅमेऱ्यालेच पाठव ऑटोत बसवून."

"तुह्या डब्याचा रोल तरी भेटते का आता?"

"रोल छत्तीसचा भेटते. छत्तीसच वेळा डोकं चालवा लागते. तुह्या कार्डात हजार मावते, म्हून डोकं चालवाची गरजच नाही."

मंडळातल्या वैभवी, ज्या दातांच्या डॉक्टर होत्या आणि उघड्या तोंडांकडे शांतपणे पाहण्याची सवय असलेल्या, त्यांनी पोहे संपवून निकाल दिला. "दोघंही काढा. आजी ज्याचा म्हणतील त्याचा लागेल खिळ्यावर."

पुढच्या रविवारी दहा वाजता बैठक भरली. प्रयागबाई पांढरी साडी नेसून, केसांना तेल लावून खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्ची भिंतीलगत, मागे नवऱ्याचा फोटो. देवरावांनी खिडकीकडची बाजू धरली, कारण उजेड तिकडून होता. कृष्णकांत समोर उभा राहिला.

देवरावांनी रोल भरायला घेतला.

"या कॅमेऱ्यात बॅटरी तरी आहे का?" कृष्णकांतनं विचारलं.

"लागत नाही. तुह्यावाल्याची उतरली का थो मेला. हा माह्या आधी नाही मरत."

"पण काढलेला फोटो पाहाचा कुठं?"

"मनात," देवराव म्हणाले, झाकण बंद केलं आणि दांडी ओढली. उत्तर इतकं चांगलं जमलं होतं की त्याचा परिणाम पाहायला त्यांनी कृष्णकांतच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा दांडी ओढली तेव्हाही तिकडेच पाहिलं.

बैठक अर्धा तास चालली. मिररलेसचा आवाज येत नव्हता.

"काढला का?" प्रयागबाईंनी विचारलं.

"मावशी, साठ झाले."

"खोटं नोको बोलू. आवाज तं आला नाही."

देवरावांचा कॅमेरा मात्र खटाक म्हणायचा. प्रयागबाईंना तो पटला. देवरावांचं बोट वर गेलं की त्या दम धरायच्या, खटाक झालं की सोडायच्या.

"मावशी, एक डाव इकडं पाहा ना," कृष्णकांत अजिजीनं म्हणाला.

"तुह्याकडं काय पाहू? तुहा कॅमेरा आपल्या मनानं पाहते म्हनते ना?"

छत्तिसावा आकडा आला तसे देवराव थांबले. देवरावांच्या पत्नीनं, कांताबाईंनी, चहा आणला. प्रयागबाई म्हणाल्या की शेतात निंदण केल्यावरही इतक्या थकल्या नव्हत्या.

रोल देवराव घरीच धुवत, बाथरूममध्ये, दुपारी. मंगळवारी त्यांनी तो धुतला, डब्यातून काढला आणि दिव्यापुढे धरला.

फिल्म स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की पलीकडचा नळ दिसत होता. कडेला कारखान्यानं छापलेले आकडे नीट आले होते, एक ते छत्तीस, आणि आकड्यांच्या मधे काहीही नव्हतं. दांडी छत्तीस वेळा ओढली होती, आकडा छत्तीस वेळा पुढं गेला होता, आणि रोल आपल्या डबीत जिथल्या तिथं बसून होता. देवराव पालथ्या बादलीवर बसले.

"अवो, झालं का?" बाहेरून कांताबाईंचा आवाज आला. "मले कपडे भिजवाचे आहे."

दार उघडलं. कांताबाईंनी फिल्म हातात घेतली, दिव्यापुढं धरली, उलटी करून धरली.

"यात माय कुठं आहे?"

"नाही."

कांताबाईंनी फिल्म त्यांच्या हातात परत दिली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि या बाथरूमवरून त्यांनी पुष्कळ बोलून घेतलं होतं. "सांगून द्या त्याहिले," एवढंच त्या म्हणाल्या आणि बादली मागितली.

"रविवारी सांगतो."

रविवारपर्यंत प्रयागबाईंनी सात वेळा विचारलं. देवरावांनी सातही वेळा "वाळून राहिले" असं सांगितलं. ओली साडी तासाभरात वाळणाऱ्या नागपुरात पाच दिवस न वाळणारी वस्तू कोणती, हा प्रश्न न पडण्याइतक्या प्रयागबाई भोळ्या नव्हत्या, पण त्यांनी विचारलं नाही. देवरावांनी कारणं जुळवली. औषध जुनं निघालं. पाणी गरम झालं. प्रत्येक कारण तपासून पाहिलं की शेवटी ते कृष्णकांतच्या चेहऱ्याकडे पाहत दांडी ओढणाऱ्या एका माणसाजवळ येऊन थांबायचं.

रविवारी कृष्णकांत आला. काखेत खाकी कागदात गुंडाळलेला मोठा फोटो होता. आल्या आल्या तो कधी पाणी मागत नसे. आज त्यानं मागितलं.

"दाखव," देवराव म्हणाले.

कागद निघाला. देवरावांना एका नजरेत कळलं. डोळे असे धारदार आले होते की पापणीचा केस मोजून घ्यावा. फक्त ते डोळे वडिलांचे होते. भिंतीवरच्या फ्रेममधून ते थेट कॅमेऱ्याकडे पाहत होते, आणि कॅमेऱ्यानं आपलं ब्रीद पाळलं होतं. पुढं खुर्चीत एक पांढरं, मऊ, धुकट काहीतरी बसलं होतं आणि एका बाजूला पाहत होतं.

"सगळे असेच?" देवरावांनी विचारलं.

"तीनशे बारा," कृष्णकांत म्हणाला. "मोबाइलवर बरे दिसत होते. कागदावर आल्यावर समजलं."

"मंग आणला कायले?"

"नियम आहे ना. कागदावर आणाचा."

वर्षभर देवराव याच क्षणाची वाट पाहत होते. चार वाक्यं तयार होती, त्यांपैकी दोन तर फारच चांगली. पण शर्टाच्या खिशात ती स्वच्छ फिल्म होती, आणि ती टोचत होती.

प्रयागबाईंनी फोटो मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि नाक टेकेपर्यंत वाकल्या.

"हे तं मस्त आले," त्या म्हणाल्या. "मिशा पाह्य. वर टांगल्यावर मले काही दिसतच नव्हतं." मग त्यांचं बोट नवऱ्याच्या गळ्यापाशी थांबलं. "कांता, इकडं ये वं. सदरले जाता जाता याहिचं वरचं बटन तुटलं होतं. मी टाचणी लावून देल्ली. म्हने दिसन. म्या म्हटलं, कोनाले दिसते? पाह्य, टाचणी दिसून राहिली."

खरंच दिसत होती. पन्नास वर्षं ती भिंतीवर होती आणि घरात कुणाला ठाऊक नव्हती.

"आन ही बाई कोन वं, बाजूले पाहते थे?"

"तुमीच, मावशी," कृष्णकांत म्हणाला.

"कुठं पाहून राहिलो मी?"

"देवरावकडं. तीनशे बाराच्या तीनशे बारा फोटोत."

देवरावांनी खिशातून फिल्म काढली आणि आईच्या मांडीवर, त्या फोटोवर ठेवली. फिल्ममधून वडिलांच्या मिशा स्पष्ट दिसत राहिल्या.

"माय, यात काही नाही आलं. रोल पकडलाच नव्हता."

"चकती?" कृष्णकांतनं विचारलं. टोमणा मारायची एवढी मोठी संधी त्याला तीस वर्षांत मिळाली नव्हती, पण आवाज दवाखान्यात येतो तसा आला.

"नाही पाहिली."

प्रयागबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"म्हंजे छत्तीस डाव दम धरला म्या, थो कायच्यासाठी?"

कृष्णकांत खाकी कागदाची घडी घालू लागला.

"मंगळवारीच सांगाचं होतं ना गा. मी इकडं वाळून राहिले, वाळून राहिले आयकून राहिलो. मले वाटलं, मीच एवढी वंगाळ आलो का पोराच्यानं दाखवल्या जाऊन नाही राहिलं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "कांता, साडी काढ वं माही."

"आज?" देवराव म्हणाले. "आज ढग आहे, माय. लाइट..."

"तू लाइटची वाट पाह्य. मी आधार कार्डात जाऊन बसतो."

साडी नेसून झाली. खुर्ची या वेळी दुसऱ्या भिंतीला लागली. प्रयागबाईंनी कृष्णकांतचा फोटो कुणाला परत दिला नाही, तो स्वतःच्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवला. कृष्णकांतनं आपला कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. त्यानं कांताबाईंकडून पांढरी चादर मागितली आणि खिडकीचा उजेड प्रयागबाईंच्या गालावर परतवत हात उंच करून उभा राहिला. असं उभं राहायला त्याला देवरावांनीच कधीतरी शिकवलं होतं.

देवरावांनी रोल भरला. झाकण बंद केलं.

"आन इथं माह्याजवळ," प्रयागबाई म्हणाल्या. "कोनती थे चकती?"

कॅमेरा खुर्चीच्या हातावर ठेवण्यात आला. चार डोकी त्यावर वाकली, एक चादरीसकट. देवरावांनी दांडी ओढली. छोटी गोल चकती हलली आणि पाव फेरा फिरली.

"फिरली," कृष्णकांत म्हणाला.

"तू चूप बस. मले पाहू दे." प्रयागबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "पुन्हा ओढ."

देवरावांनी पुन्हा ओढली. चकती पुन्हा फिरली. प्रयागबाईंनी मान हलवली, चष्मा कांताबाईंकडे दिला, पदर सारखा केला आणि मुलाकडे पाहिलं. देवरावांनी डोळा लावला. इकडं पाहा, असं सांगायची गरज नव्हती. त्यांनी बोट उचललं, तिकडे दम धरला गेला.

खटाक.

प्रयागबाईंनी दम सोडला. "आता दुसरा नको काढू," त्या म्हणाल्या. "उरलेले तुह्या पाखराले राहू दे. कवा दाखवतो?"

"मंगळवारी, माय."

"वाळून राहिले म्हनशीन तं याद राख."