एक मूल कमी

आमच्या आत्याचं वय चौऱ्याऐंशी, दात उरलेत चार, पण जीभ अजून शाबूत आहे. शिक्षण खात्याकडून आलेलं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणाली, "हात्तिच्या! एकच पोर कमी ना? मग घाल की घरातलं!"

पत्रात लिहिलं होतं की मुलं घटली आहेत, म्हणून पाचवी ते सातवीचे वर्ग यंदापासून पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील. पहिली ते चौथी आमच्याकडेच राहील, पण पटावर वीस मुलं असतील तरच. नाहीतर तीही बसने तिकडेच. सोमवारी साहेब मोजायला येणार होते. माझ्याकडे होती एकोणीस. मी त्या शाळेची मुख्याध्यापिका, येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणारी. माझ्याआधी शाळाच निवृत्त झालेली मला बघवणार नव्हती.

काय शाळा होती म्हणून सांगू! एका बाकावर चार-चार पोरं, कडेचं अर्धं बाहेर. हजेरी घेता घेता पहिला तास संपायचा. चौथीपर्यंत खाली, सातवीपर्यंत वर. चौथी पास झालेली पोरं पहिल्यांदा जिना चढायची तेव्हा काय तो तोरा! आठवडाभर खालच्यांशी बोलायची नाहीत. मीही बोलले नव्हते. हल्ली हजेरी एका दमात होते आणि वरच्या मजल्यावर शिंकलं तरी घुमतं. चिडचिड होते माझी.

खरं सांगायचं तर या शाळेत मी आले तीच मुळी संख्या भरायला. तेव्हा मुख्याध्यापिका होती आत्या. पहिलीची दुसरी तुकडी मिळायला एक मूल कमी पडत होतं. जन्मदाखले कोणाकडे असायचे तेव्हा? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं, असा सरळ मामला. मी साडेचारची. माझी बोटं कानाच्या वरच अडकली. आत्याने हळूच माझी मान वाकवली, कान हाताला लागला आणि तुकडी मंजूर झाली!

हा किस्सा ती पाहुण्यांना रंगवून सांगते आणि मीही हसते. पण तिथून पुढे मी जन्मभर दीड वर्ष मागून धावले. खेळात पहिली बाद मीच. एक पाढा डोक्यात शिरेपर्यंत वर्ग पुढच्या पाढ्यावर. आणि आता त्याच खोट्या तारखेमुळे निवृत्तीही दीड वर्ष आधी.

आमची नात चिमी बरोबर साडेचार वर्षांची. दाखला हरवलाय असं पालकांनी लिहून दिलं की प्रवेश मिळतो, हे सुनेलाही माहीत होतं. रविवारी तिने फॉर्मवर सही करून तो माझ्या हातात दिला. "आई, तुम्ही म्हणाल तसं. वयाचा रकाना तेवढा तुम्हीच भरा." बिचारीचा चेहरा उतरला होता.

आत्याला मात्र हुरूप आला. "चिमे, ये इकडे. कान धर बघू!" चिमीने जीभ बाहेर काढून जोर लावला. बोटं केसांतच राहिली. आत्याचा हात तिच्या मानेवर गेला. "थोडी मान वाकव, राणी."

"का?" चिमीने विचारलं.

मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी साहेब आले. भला माणूस होता. पेन्सिल नाचवत त्यांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, घरचं, शेजारचं एखादं नाही का? दाखला मागाहून द्या. मी काही खोदत बसत नाही."

फॉर्म पर्समध्ये होता. माझा हात पर्सपर्यंत गेलाही. समोर एकोणीस तोंडं माझ्याकडे बघत होती आणि मला त्या सगळ्यांची दया येत होती, स्वतःचीही.

"नाही," मी म्हणाले. "एकोणीसच आहेत."

साहेबांनी आकडा लिहिला. मुलांना मैदानात सोडून मी वरच्या रिकाम्या वर्गात गेले आणि मनसोक्त रडले.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं, "शाळा गेली." आता ही माझा उद्धार करणार, म्हणून मी तयारीतच होते.

"तुला तेव्हा यायचं नव्हतं ना गं शाळेत?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"नव्हतं," मी म्हणाले. "आणि आज तिथून निघायचं नव्हतं."

आत्याने सरकून मला खाटेवर जागा करून दिली.