पायाळूची पाठ

तो कागद जनीच्या दाराला भाताच्या शितांनी चिकटवलेला, एक कोपरा सुटून फडफडणारा… आणि त्यावर रेघांनी काढलेली एक बाई, गुडघे दुमडून भारा उचलणारी. हंडा घेऊन जाताना बाईजा रोज त्या बाईकडे बघे. बघायचं नाही असं ठरवून बघे. काय मेलं सोनं लागलंय त्या कागदाला! शहापूरहून फिजिओथेरपीवाल्या रंजिता मॅडम दर गुरुवारी देवळाच्या ओट्यावर येऊन बसतात, त्यांनी दिला. आणि जनीने, तिच्या धाकट्या जावेने, लगेच दाराला डकवून गावभर मिरवला.

बाईजा पायाळू होती, पायाकडून जन्मलेली. कुणाच्या पाठीत चमक भरली, की त्याला पालथं निजवायचं आणि बाईजाने उजवा पाय तीनदा कमरेला लावायचा. मुरबाडवरून जीप करून यायची माणसं. तीस वर्षं तिच्या ओट्यावर कण्हत आलेलं माणूस हसत गेलं होतं… एक जनी सोडून. जनीला तिने पाच वेळा पाय लावला, आणि पाचही वेळा जनी भिंत धरून उठली. मग ती शहापूरला गेली, आणि तिथून आली ती या मॅडमचं नुसतं बोलणं ऐकून! ना मालिश, ना सुई. आज दोन वर्षांनी तीच बया खळ्यावर भात झोडते, आणि गावातल्या बायका दुखरी कंबर घेऊन तिच्या अंगणात बसतात.

"दुखतं म्हंजे आत मोडलंच असं नाय गो," जनी त्यांना सांगते. "राखणीचं कुत्रं एकदा भ्यालं, का पान पडलं तरी भुकतं. तशी पाठ. तिला हलू हलू सवय लावायची."

कुत्रं म्हणे! बाईजाच्या तळपायाची आग मस्तकात जाई. हो, मी जळते. जळते तर जळते — माझ्या ओट्यावरची माणसं उठून तिच्या अंगणात गेली, आणि मी काय आरती ओवाळू तिची?

आणि हे कमी होतं म्हणून की काय, दिवाळीपासून तिची स्वतःचीच पाठ धरली होती. पायाळूला आपला पाय आपल्या पाठीला लावता येत नाही. सांगणार तरी कुणाला? तिच्या मनाने घेतलं होतं, की तीस वर्षांत काढलेल्या लोकांच्या सगळ्या चमका आता आपल्याच पाठीत येऊन बसल्यात, आणि वाकलं की कणा मोडणार. म्हणून ती वाकेना. ताप आहे असं सांगून भाताची झोडणी टाळली, दुपारभर फळीसारखी पडून राहिली, आणि दुखणं उलट वाढतच गेलं.

गुरुवारी ती देवळाच्या ओट्यावर गेली. सहज आल्यासारखी. चार बायका होत्या, जनी होती. पदर सारखा करत तिने मॅडमना विचारलं, "माझी मावसबहीण हाय शेणव्याला, तिची पाठ दुखते."

"कधी जास्त दुखतं मावशी, त्यांना?"

"सकाळी उठताना. डाव्या अंगाला. इथून कळ निघते ती…" आणि तिचा हात कमरेवर कधी गेला, तिचं तिलाच कळलं नाही. तिने तो झटकन काढला. पण जनीने पाहिलं होतं.

झालं. आता ही तोंड उघडणार. पायाळूची पाठ धरली — संध्याकाळपर्यंत मुरबाडला पोचेल.

जनीने तोंड उघडलं. "मॅडम, जाऊबायची बहीण भ्याली असंल. वाकले तर मोडंन, असं वाटत असंल तिला. मलापण वाटायचं. तिने पडूनच ऱ्हायाचं का?"

"नाही, पडून राहिलं की पाठ आखडते. आधी थोडं वाकायचं, सोसेल तेवढंच. जराशी कळ आली म्हणजे मोडलं, असं नाही. पण पाय बधिर झाला तर मात्र इथे घेऊन या."

"जाऊबाय," जनी उठली, "मी करून दावते. तुमी नीट बघा, म्हंजे बहिणीला सांगता येल."

आवाजात टोमणा नव्हता. बाईजाने शोधला, कान देऊन शोधला. जनीने चारचौघींत उघडं पाडलं असतं, तर घरी जाऊन पोटभर शिव्या देता आल्या असत्या, हक्काने. आता तेवढंही ठेवलं नाही हिने. माझी माणसं घेतलीस, नाव घेतलंस… आणि वर माझी लाजही तूच राखायची?

जनी सावकाश वाकत होती. गुडघे आधी, मग कंबर, श्वास न धरता. बाईजाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. यातलं काही विसरायला नको म्हणून ती जळतच, पापणी न हलवता बघत राहिली.