ऊन दाखवलेली काच

मित्रांनो, मी एक जुना काचेचा ठोकळा आहे. हसू नका. खिडकीची पातळ काच निराळी आणि मी निराळा. माझ्या पोटात शिसं मिसळलेलं आहे. दिसायला बुटाच्या लांबट खोक्याएवढा, पण उचलायला गेलात तर घाम फुटेल.

भट्टीतून आलो तेव्हा माझं अंग खरबरीत होतं. पॉलिश करणाऱ्या काकूंनी तीन आठवडे खपून मला गुळगुळीत केलं. "ढोल्या, वळ की जरा," असं म्हणत त्या माझी एकेक बाजू घासायच्या. ते नाव मला फार आवडायचं. मग मला चंदेरी कागदात आणि वरून काळ्या कागदात गुंडाळलं, मागे एक विजेवर चालणारा डोळा चिकटवला. हा डोळा इतका नाजूक, की चालू असताना त्याच्यावर दिवसाचा उजेड पडला तर तो कायमचा जाणार. त्याच्यापायी मलाही अंधारात राहावं लागलं.

जमिनीखालच्या एका मोठ्या दालनात, माझ्यासारख्या शेकडो ठोकळ्यांच्या भिंतीत मला बसवलं. तिथलं यंत्र अणूहूनही लहान कणांची टक्कर घडवायचं. टकरीतून उडालेला कण कोण, ते ओळखायला आम्ही मदत करायचो. इलेक्ट्रॉन आत शिरला की माझं पोट निळसर उजेडानं भरून जायचं. त्याचा थोराड भाऊ म्युऑन मात्र शिष्टासारखा सरळ निघून जायचा, जेमतेम उजेड सांडून. डोळा तो उजेड मोजायचा आणि मोजणीवाले सर म्हणायचे, "हा इलेक्ट्रॉन! शाब्बास!" ही शाबासकी डोळ्याला होती की मला, कोण जाणे. मी ती माझीच धरून चालायचो.

अकरा वर्षांनी माझे आकडे घसरू लागले. सरांना वाटलं, डोळा म्हातारा झाला. त्यांनी त्याचा विजेचा दाब वाढवला, पुन्हा वाढवला. बिचाऱ्या डोळ्याला नसलेलंही दिसू लागलं! खोट माझ्यात होती. कणांच्या रोजच्या माऱ्यानं मी आतून पिवळा पडलो होतो आणि निळा उजेड स्वतःच गिळत होतो. पण काळ्या कागदाच्या आत कोण बघणार?

शेवटी यंत्र दुरुस्तीसाठी थांबलं तेव्हा सरांनी डोळा उतरवून कागद सोडला. "अरेरे, पार चहा झालाय ह्याचा," ते म्हणाले आणि माझ्यावर 'भंगार' अशी चिठ्ठी चिकटवली. मला फार वाईट वाटलं.

माझ्या जागी येणारा नवा ठोकळा घासायला काकूंना बोलावलं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली.

"सर, माझ्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं होतं. डॉक्टरांनी डोळा नाही फेकून दिला."

"काकू, तुमचं भिंग बदललं ना? मग मीही भिंगच बदलतोय."

काकूंनी माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरं, निदान ऊन तरी दाखवा. गाद्या कुबट झाल्या की आपण आधी ऊन दाखवतो. लगेच जाळतो का?"

सर हसले. "उन्हानं असे डाग जातात असं वाचलंय खरं. नवा तयार होईपर्यंत ठेवा खिडकीत. तोवर उजळला नाही, तर भंगार."

मी कार्यशाळेच्या खिडकीत बसलो, चिठ्ठीसकट. काकू रोज माझ्यामागे वर्तमानपत्र धरून डोकावायच्या. पहिल्या दिवशी त्यांना सगळा कागद तपकिरी दिसला. शेजारी त्या नवा ठोकळा घासत होत्या, पण इतक्या सावकाश की विचारू नका. सर फेरी मारायला आले की म्हणायच्या, "कोपरा राहिलाय अजून." तो एकच कोपरा त्यांनी चार दिवस पुरवला. माझ्यासाठी कुणी असा वेळ काढेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

विसाव्या दिवशी सरांनी माझ्यातून मोठ्यानं बातमी वाचली, "उद्याही लख्ख ऊन." त्यांनी नखानं चिठ्ठी खरवडून काढली. त्या वर्षी भिंतीतल्या सगळ्या पिवळ्या भावंडांना पाळीपाळीनं ऊन मिळालं. ज्या उजेडापासून आम्हाला जपलं, त्यानंच आम्हाला बरं केलं.

मी आणखी सात वर्षं काम केलं. मग यंत्रच कायमचं बंद झालं. शेवटच्या दिवशी सर मला उराशी धरून दोन जिने चढले आणि निवृत्त झालेल्या काकूंच्या दारात धापा टाकत उभे राहिले.

"काकू, ह्याला ऊन दाखवायला आणलंय."

काकूंनी मला खिडकीत ठेवून घेतलं. मग त्यांनी सरांकडे निरखून पाहिलं. "आणि तुम्हाला कोण दाखवणार? इतकी वर्षं त्या तळघरात! चेहरा बघा कसा पिवळा पडलाय. बसा इथे."

मित्रांनो, तुमच्या घरातलंही कुणी किंवा काही पिवळं पडलं, तर चिठ्ठी चिकटवायची घाई करू नका. सर बसले. काकूंनी माझ्या अंगावरची धूळ पुसली आणि सरांची खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे त्यांच्या तोंडावर नीट ऊन पडेल.