जरा खुलून बोला

आमच्या प्रयोगशाळेत गेली बारा वर्षं मी परकी बाई आहे. हे मी रागाने म्हणत नाही, कागदोपत्रीच तसं आहे. आम्ही लहान मुलांच्या डोक्यावर एक टोपी चढवतो. तिच्यात बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्त धावलं ते समोरच्या पडद्यावर उमटतं. मग मुलाला दोन आवाज ऐकवायचे. एक त्याच्या आईचा, एक परक्या बाईचा. ती परकी बाई म्हणजे मी. पाचशेच्या वर पोरांनी माझ्याकडे साफ दुर्लक्ष केलंय आणि त्यावर आमचे सर परदेशात भाषणं देऊन आलेत.

ज्या आया बाळंतपणानंतर मनाने खचतात, त्यांच्या मुलांचा मेंदू कसा वाढतो, हा आमचा विषय. मूल सहा महिन्यांचं असताना एकदा बोलवायचं, दीड वर्षाचं झालं की पुन्हा. आवाज पहिल्या वेळी रेकॉर्ड करतो, तेच दोन्ही वेळा लावतो.

त्या मुलीला मी भोपळी म्हणायचे. डोकं असं गरगरीत गोल की टोपीचं एकही माप धड बसेना. दीड वर्षाची होऊन ती परत आली तेव्हा बापाच्या कडेवर होती. बाप बेकरीत भट्टीवर कामाला, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. त्याच्या मागे कोणी दिसेना, म्हणून मी सवयीने विचारलं, "आई कुठे राहिल्या? मागून येतायत का?"

"ती नाही आता," तो म्हणाला. "तीन महिने झाले. तिने स्वतःला संपवलं."

इतक्यांदा सांगावं लागलं असेल की ते वाक्य अगदी गुळगुळीत झालं होतं. तारखेचा मेसेज आम्ही तिच्याच फोनवर पाठवला होता. तो वाचून हा मुलीला घेऊन आला होता.

सर बाहेर आले, हळहळले, म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? आजचं आपण रद्द करू."

"रद्द नका करू साहेब. मला एकच विचारायचंय. हिला आई आठवते का? घरात सगळे म्हणतात, लहान आहे, विसरली, बरंच झालं. फोटो दाखवला तर त्यावर बोट ठेवून 'बाबा' म्हणते. तुमच्या मशीनला कळेल ना?"

सरांनी त्याला नीट समजावलं. एकट्या मुलाच्या चित्रावरून काही सांगता येत नाही, शेकडो मुलांची चित्रं एकत्र केली की मग काहीतरी दिसतं. त्याने सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरी लावा. घरी व्हिडिओ खूप आहेत हो, पण ते तीच काढायची. त्यात ती बोलतच नाही."

सर दगड नाहीत. माझ्याकडे एकदा बघून ते शेजारच्या खोलीत निघून गेले.

मी भोपळीला बापाच्या मांडीवर बसवलं, टोपी चढवली, हनुवटीखाली पट्टा लावला. मूल ज्याच्या मांडीवर असेल त्याने कानांवर गाण्याचे हेडफोन लावायचे असा नियम आहे. त्याने आवाज ऐकला तर त्याचं अंग हलतं आणि मुलाला ते कळतं. याने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. मीही ते तसेच राहू दिले. हे चित्र कुठल्या हिशेबात जाणारच नव्हतं.

मी आवाज लावला. "अगं बाळा, बघ तरी, किती छान ऊन पडलंय! चल, आपण अंघोळ करू!"

भोपळीने हनुवटीखालचा पट्टा ओढून तोंडात घातला आणि चघळत बसली. मग माझा आवाज आला, तीच वाक्यं. पट्टा चघळणं चालूच. पुन्हा आईचा. पुन्हा माझा. पोरीला काही देणंघेणं नव्हतं. मी बापाकडे बघायचं टाळत होते, पण तोच म्हणाला, "मावशी, ही कोण?"

"तुमच्या मिसेसच आहेत."

"आवाज तिचाच आहे. पण ती अशी बोलायची नाही. हळू बोलायची. बाळ झाल्यावर तर अगदीच ओढून ओढून. हे ती कोणाशी बोलतेय?"

माझ्याशी. ती माझ्याशी बोलत होती.

मला सगळं लख्ख आठवलं. वर्षापूर्वी याच खोलीत ती माईकसमोर बसली होती आणि कागदावरची वाक्यं एकेक शब्द करून वाचत होती. मला तर असा आवाज चालणार नव्हता. आमच्या पत्रकात लिहिलंय, आईचा आवाज आनंदी हवा. मी म्हटलं, "आई, जरा खुलून बोला. कोणाच्या मयतीला आलोय का आपण?" ती कसंनुसं हसली. दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्या वेळी तिने छाती भरून श्वास घेतला आणि असं वाचलं की मी टाळी वाजवली. जाताना तिला आम्ही एक पाकीट दिलं. त्यात मनाच्या डॉक्टरांचा फोन नंबर असतो. प्रत्येकीला देतो. झालं आमचं काम.

खचलेल्या आयांचा अभ्यास करायला बसलेली मी, आणि खचलेली बाई समोर आली तर मला रेकॉर्डिंग वाईट वाटलं. मेली माझी अक्कल!

हे सगळं मी त्याला सांगितलं. मयतीचंसुद्धा. तो ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "ते पहिलं आहे का अजून?"

होतं. नको असलेली रेकॉर्डिंग पुसायची असतात, पण आळशीपणा करून मी ती कधीच पुसत नाही. शोधलं आणि लावलं.

"बाळा... बघ... ऊन पडलंय."

जड पिशव्या घेऊन जिना चढणारं माणूस बोलतं तसं, प्रत्येक शब्दाशी थांबत. भोपळीच्या तोंडातून पट्टा सुटला. मी पडद्याकडे बघितलंच नाही, बघायची गरज नव्हती.

"आई," ती म्हणाली.

ती मांडीवरून खाली घसरायला लागली. टोपीच्या वायरी ताणल्या, म्हणून मी घाईघाईने टोपी काढली. ती तुरुतुरु स्पीकरपाशी गेली. "चल... आपण अंघोळ करू," आवाज म्हणत होता. तिने स्पीकरच्या मागे वाकून बघितलं. मग बाजूचा कापडी पडदा धरून ओढला. मागे भिंत होती.

"आठवते," बाप म्हणाला. तो हसत होता आणि रडत होता. "मावशी, हिला आई आठवते!"

भोपळी परत त्याच्याकडे आली. खाऊ मागताना हात पुढे करतात तसा तिने तळहात पुढे केला.

"आई दे."

त्याचं हसू ओठांवरच राहिलं. तिला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. तिने त्याच्या गुडघ्यावर थापट्या मारल्या आणि पुन्हा म्हणाली, "बाबा, आई दे."

"बंद करा," तो कसाबसा म्हणाला. "मावशी, बंद करा ते."

मी बटण दाबलं. भोपळीने स्पीकरकडे बघितलं, बटणावरच्या माझ्या बोटाकडे बघितलं. मग बापाला सोडून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे करून माझ्याकडे मागू लागली.